नफा वाढला, मग शेअर का पडला?

कंपनीचा तिमाही निकाल लागतो. नफा गेल्या वर्षीपेक्षा चांगला वाढलेला असतो. ज्याच्याकडे त्या कंपनीचे शंभरेक शेअर आहेत, तो हरखून मोबाईलवर भाव बघतो, तर भाव चार टक्के खाली. कंपनी कमावतेय आणि आपण गमावतोय, हे गणित त्याला काही केल्या सुटत नाही.

महाडमध्ये या प्रश्नाला जरा जास्त धार आहे. रायगड जिल्ह्याच्या या तालुक्यातल्या एमआयडीसीत शेअर बाजारात नोंदलेल्या कितीतरी कंपन्यांचे कारखाने आहेत. विनती ऑरगॅनिक्स, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिवी, सुदर्शन केमिकल, हिकल, ब्लू जेट ही त्यांतली काही नावं. कुणी वेदनाशामक गोळीचा कच्चा माल करतं, कुणी द्रावक, कुणी सुगंधी रसायनं, कुणी रंगद्रव्यं. महाड-पोलादपूरच्या माणसाचं या कंपन्यांशी नातं अनेक पदरी असतं. एकाची जमीन वसाहतीत गेलेली, त्याचा मुलगा तिथेच पाळीवर, पुतण्याचा टेम्पो कंपनीला लावलेला आणि मुंबईला असलेल्या भाच्याच्या डीमॅट खात्यात त्याच कंपनीचे शेअर. कंपनीने नेमकं कुणासाठी आणि काय वाढवायचं, हा वाद अशा घरात पुस्तकी राहत नाही.

बी.कॉम.च्या पुस्तकात या वादाला दोन जड नावं आहेत. एक नफा महत्तमीकरण, म्हणजे नफा जास्तीत जास्त करणं. दुसरं संपत्ती महत्तमीकरण, म्हणजे भागधारकाची मालमत्ता जास्तीत जास्त करणं. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात. नफा वाढला की मालकाची मालमत्ता वाढणारच, असं कुणीही म्हणेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जिथे ते खोटं ठरतं तिथेच वित्तशास्त्राचं सगळं मर्म आहे.

१. नफा, पण कुठला?

दुकानदाराचा नफा सोपा असतो. विकलं किती, खर्च किती, उरलं किती. रसायनांच्या कारखान्यात मात्र नफ्याचा आकडा काढताना जागोजागी निर्णय घ्यावे लागतात. नवी भट्टी बसवली, तिची किंमत दहा वर्षांत वाटून लावायची की वीस? गोदामात पडून असलेला माल खरेदीच्या भावाने धरायचा की आता बाजारात मिळेल त्या भावाने? जुनं येणं बुडीत धरायचं की अजून वर्षभर आशेवर ठेवायचं?

यातल्या काही गोष्टींना नियम आहेत. तरीही हिशेबनिसाच्या हातात थोडी मोकळीक उरतेच. त्यामुळे एकाच कारखान्याचा, एकाच वर्षाचा नफा दोन प्रामाणिक माणसं वेगवेगळा काढू शकतात. अप्रामाणिक माणूस काय करू शकतो ते ७ जानेवारी २००९ रोजी सगळ्या देशाने पाहिलं. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी त्या दिवशी पत्र लिहून कबूल केलं, की वर्षानुवर्षं नफा फुगवला होता आणि ताळेबंदात दाखवलेली हजारो कोटींची रोकड प्रत्यक्षात नव्हतीच. म्हणून जाणकार नफ्याच्या आधी रोकड पाहतात, आणि ती बँकेत खरंच आहे का हेही. सत्यमने दाखवलं तसं रोकडही फुगवता येते, पण ते नफा फुगवण्याइतकं सोपं नसतं.

पण समजा, आकडा अगदी चोख आहे. तरीही 'नफा वाढवा' एवढ्या दोन शब्दांत तीन गोष्टी राहून जातात: काळ, जोखीम आणि वाटेकरी.

२. आज की दहा वर्षांनी?

पोलादपूरच्या डोंगरात दोन भावांकडे वडिलार्जित वरकस जमीन आहे असं धरू. थोरल्याने उतारावरचं रान ठेकेदाराला तोडायला दिलं. त्या वर्षी हातात चांगली रक्कम आली. धाकट्याने खड्डे मारून आंबा-काजूची कलमं लावली. चार-पाच वर्षं खत, कुंपण, उन्हाळ्यात घागरीने पाणी, असा खर्चच खर्च. पहिल्या वर्षीचा हिशेब मांडला तर थोरला शहाणा आणि धाकटा वेडा ठरतो. पण जमीन विकायला काढली, तर गिऱ्हाईक कुणाच्या तुकड्याला जास्त पैसे मोजेल हे सांगायला नको. वर्षाचा नफा आणि मालमत्तेची किंमत यांतला फरक तो हाच.

आता कारखान्याचा काल्पनिक हिशेब करू. एका व्यवस्थापकाने देखभाल पुढे ढकलली. पहिली तीन वर्षं १२ कोटींचा नफा झाला, नंतर यंत्रं कुरकुरू लागली आणि पुढची तीन वर्षं ४ कोटींवर आला. दुसऱ्याने देखभाल वेळच्या वेळी केली आणि सहाही वर्षं ९ कोटी कमावले. तीन वर्षांनंतर पाहिलं तर पहिल्याचे ३६ कोटी, दुसऱ्याचे २७. बढती अर्थात पहिल्याला. सहा वर्षांची बेरीज मात्र ४८ विरुद्ध ५४.

नुसती बेरीजही पुरत नाही, कारण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. आजचा रुपया दुसरीकडे गुंतवला तर तो वाढतो. १२ टक्के परतावा सहज मिळू शकतो असं धरलं, तर वर्षभराने मिळणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत ८९ पैसे आणि सहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची जेमतेम ५१ पैसे. या दराने पहिल्या योजनेची आजची किंमत सुमारे ३५.७ कोटी आणि दुसरीची ३७ कोटी भरते. देखभाल करणारा जिंकला.

इथे एक गंमत आहे. हाच हिशेब २० टक्के दराने केला, तर पहिली योजना ३०.१५ कोटी आणि दुसरी २९.९३ कोटी. निकाल उलटला! भांडवल पुरवणारा अधीर असेल, त्याला २० टक्क्यांखाली काही चालणारच नसेल, तर देखभाल टाळणंच त्याला किफायतशीर वाटेल. संपत्ती वाढवण्याचं ध्येय धरलं की कंपनी आपोआप दूरदृष्टीची होते असं पाठ्यपुस्तकं सुचवतात. ते अर्धंच खरं आहे. भांडवलाला धीर किती, यावरही बरंच ठरतं.

धीर असला की काय होतं त्याचं उदाहरण महाडातच आहे. विनती ऑरगॅनिक्स ही कंपनी विनोद सराफ यांनी १९८९ मध्ये स्थापन केली. एका फ्रेंच संशोधन संस्थेचं तंत्रज्ञान घेऊन महाडच्या कारखान्यात १९९२ मध्ये आयसोब्युटाइल बेंझीन, म्हणजे आयबीबी, तयार होऊ लागलं. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचा हा मूळ कच्चा माल. दहा वर्षांनी कंपनीने कशेडी घाटापलीकडे लोटे परशुरामला एटीबीएस नावाच्या दुसऱ्याच रसायनाचा कारखाना काढला. तेलविहिरींपासून पाणी शुद्धीकरणापर्यंत अनेक ठिकाणी ते लागतं. या वेळी तंत्रज्ञानाचं मूळ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होतं.

नवा कारखाना काढला की पहिल्या वर्षापासून व्याज आणि घसारा नफ्याला खाऊ लागतात, आणि विक्री मात्र सावकाश वाढते, कारण परदेशी ग्राहक नव्या पुरवठादाराचा माल महिनोन्महिने तपासून घेतो. फक्त त्या वर्षीच्या नफ्याकडे बघणाऱ्याने हा उद्योग केलाच नसता. पुढे कंपनी दोन्ही रसायनांची जगातली सर्वांत मोठी उत्पादक झाली आणि २०२१ मध्ये शेअर बाजारात तिचं मूल्य २०,००० कोटी रुपयांच्या आसपास गेलं.

३. सावित्रीचं पाणी

२२ आणि २३ जुलै २०२१ रोजी महाडला सावित्री नदीचा पूर आला. बाजारपेठ बुडाली, रस्ते बंद झाले, वीज गेली. त्याच पावसात तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसं दगावली. ज्याने ते दिवस पाहिले, त्याला जोखीम ही कल्पना निराळी शिकवावी लागत नाही.

दोन कारखाने घ्या. पहिला दरवर्षी बिनबोभाट १० कोटी कमावतो. दुसऱ्याने भिंत उंच केली नाही, पर्यायी वीज घेतली नाही, सगळा कच्चा माल एकाच पुरवठादाराकडून आणला. त्यामुळे दहापैकी नऊ वर्षं तो १४ कोटी कमावतो आणि दहाव्या वर्षी २६ कोटींचा तोटा सोसतो. दोघांचा सरासरी नफा तंतोतंत १० कोटी. नफ्याच्या तराजूत दोघं सारखे.

गुंतवणूकदाराला मात्र ते सारखे नाहीत. दहावं वर्ष कोणतं हे आधी कळत नाही, आणि ते पहिलंच निघालं तर बँक दारात उभी राहते. म्हणून पहिल्याकडून तो १२ टक्क्यांवर समाधान मानेल आणि दुसऱ्याकडून १६ टक्के मागेल. वर्षाला १० कोटी कायम मिळत राहिले तर १२ टक्क्यांच्या हिशेबाने कारखान्याची किंमत सुमारे ८३ कोटी होते, १६ टक्क्यांच्या हिशेबाने साडेबासष्ट. सरासरी नफा सारखा असूनही किमतीत वीस कोटींची तफावत पडली. उंच भिंतीचा खर्च नफ्यातून वजा होतो आणि मालमत्तेत जमा होतो.

४. वाटेकरी किती?

हा मुद्दा लहान आहे, पण फसवतो जास्त. एका कंपनीचे १ कोटी शेअर आहेत आणि नफा २० कोटी, म्हणजे प्रत्येक शेअरमागे २० रुपये. कंपनीने आणखी ५० लाख शेअर विकून नवा विभाग काढला आणि नफा २४ कोटींवर गेला. वर्तमानपत्रात मथळा येतो, नफ्यात २० टक्के वाढ. पण आता वाटेकरी दीड कोटी शेअर आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला १६ रुपये. कंपनी मोठी झाली आणि जुना भागधारक बारीक झाला.

नवे शेअर काढणं वाईट असतं असा याचा अर्थ नाही. रोहा आणि महाडला रंगद्रव्यं बनवणाऱ्या पुण्याच्या सुदर्शन केमिकलने ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीतला दिवाळखोरीत गेलेला ह्युबाख समूह विकत घेण्याची घोषणा केली. मार्च २०२५ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. त्यासाठी पैसा उभारताना नवे शेअरही काढले. आजारी कारखाने घेतले म्हणजे सुरुवातीला नफ्याला झळ बसणार, हे उघड होतं. तरी घोषणेनंतर बाजाराने शेअर वर नेला. वाटेकरी वाढतील, पण वाटायची भाकरी त्याहून मोठी होईल, असा बाजाराचा कयास होता. तो बरोबर होता की चूक, हे ठरायला एक-दोन ताळेबंद पुरणार नाहीत.

५. मग भाव म्हणजेच संपत्ती?

काळ, जोखीम आणि वाटेकरी या तिन्हींना एकाच आकड्यात बसवायचं तर तो आकडा होतो शेअरचं मूल्य: पुढे मिळू शकणाऱ्या सगळ्या पैशाची, काळ आणि जोखीम वजा करून, प्रत्येक शेअरमागे येणारी आजची किंमत. त्यात हाती आलेला लाभांश मिळवला की भागधारकाची संपत्ती झाली. २०० रुपयांचा शेअर वर्षात २३० झाला आणि वर ५ रुपये लाभांश मिळाला, तर संपत्ती साडेसतरा टक्के वाढली.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. भाव झालेल्या नफ्याला मिळत नाही, पुढच्या नफ्याच्या अपेक्षेला मिळतो. विनती ऑरगॅनिक्सचा २०२२-२३ या वर्षाचा नफा सुमारे ४५८ कोटी होता, तोवरचा सर्वांत जास्त. तरी मार्च २०२३ मधला शेअरचा भाव आधीच्या सप्टेंबरमधल्या भावाच्या बराच खाली होता. जगभरच्या ग्राहकांनी रसायनांचा साठा करून ठेवला आहे, आता मागणी रोडावेल, अशी धास्ती तेव्हा बाजारात होती. पुढच्या वर्षी नफा सुमारे ३२३ कोटींवर आला. विक्रमी नफा बघून खरेदी करणाऱ्याला हे उशिरा कळलं.

पण बाजार नेहमी एवढा शहाणा नसतो. लक्ष्मी ऑरगॅनिकचा शेअर मार्च २०२१ मध्ये १३० रुपयांना विक्रीला आला. मागणी शंभर पटींहून जास्त होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाव ६०० रुपयांच्या वर गेला. मार्च २०२३ मध्ये तो ३०० च्या खाली होता. महाडचा तो कारखाना सहा महिन्यांत चौपट मोलाचा झाला आणि पुढच्या दीड वर्षात निम्म्याहून कमी मोलाचा, असं कुणी म्हणणार नाही. बदलला तो लोकांचा उत्साह. तेव्हा भागधारकाची संपत्ती म्हणजे आजचा भाव, असं समजणारा संचालक रोज सकाळी नवं ध्येय घेऊन उठेल. लांब मुदतीत भाव मूल्याभोवती फिरतो एवढंच खरं, आणि ती मुदत दिवसांची नसते, वर्षांची असते.

६. हे ध्येय आलं कुठून?

स्टॅनफर्डचे प्राध्यापक एझ्रा सोलोमन यांनी १९६३ मधल्या आपल्या पुस्तकात नफ्याऐवजी संपत्तीची कसोटी नीट मांडली. १३ सप्टेंबर १९७० च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी कंपनीची सामाजिक जबाबदारी नफा वाढवण्यापुरतीच आहे असा लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. मग व्यवस्थापकांना पगारासोबत शेअर देण्याची रीत पडली, म्हणजे मालकाचं हित तेच नोकराचं हित होईल. झालं भलतंच. ज्याचा बोनस मार्चच्या भावावर ठरतो त्याला मार्चचा भाव सांभाळायची सवय लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनीच जाहीर केलं, की ग्राहक, कामगार, पुरवठादार आणि परिसर यांच्याशीही आपली बांधिलकी आहे. जाहीरनाम्यावर सही करणं स्वस्त असतं, हेही खरं.

आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात हा पेच निराळ्या रीतीने सुटला होता. तिथला सभासद शेअरचा भाव कधी विचारत नाही. तो उसाचा भाव विचारतो. म्हणजे ध्येय ठरतं ते मालक कोण आहे यावरून.

७. वहीत न येणारा खर्च

इथवरच्या हिशेबात संपत्तीची कसोटी नफ्याच्या कसोटीपेक्षा सरस ठरते, यात शंका नाही. पण एक भोक दोन्हींत सारखंच आहे. कंपनीला जो खर्च भरावा लागत नाही, तो दोन्हींना दिसत नाही.

ब्लू जेट हेल्थकेअर ही कंपनी १ नोव्हेंबर २०२३ रोजी शेअर बाजारात नोंदली गेली. ८४० कोटींच्या त्या विक्रीत सगळे शेअर जुन्या मालकांचे होते, दर ३४६ रुपये. दोनच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, तिच्या महाडच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार गेले. भाव घसरला. पुढे तो सावरला आणि २०२५ मध्ये विक्रीच्या दराच्या दुपटीहून वर गेला. बाजाराच्या दृष्टीने ती घटना मिटली. बाजार निर्दय आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याला फक्त पुढचा पैसा मोजता येतो, आणि अकरा घरांचं नुकसान त्या मोजमापात बसत नाही.

नदीचंही तसंच. महाडच्या कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जाऊन खाडीकडे सोडलं जातं. प्रक्रिया नीट करायला वीज लागते, रसायनं लागतात, माणसं लागतात, म्हणजे नफा घटतो. कमी केली तर नफा वाढतो आणि घटते ती मासेमाराची कमाई. ती कुणाच्याच ताळेबंदात नसते.

कधीकधी ही उधारी एकदम वसूल होते. इटलीत व्हिचेन्झाजवळ मिटेनी नावाचा कारखाना पीएफएएस गटातली, निसर्गात जवळजवळ विघटन न होणारी रसायनं बनवत होता. ती भूजलात उतरली, मोठ्या प्रदेशातल्या लोकांच्या रक्तात सापडली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. दशकानुदशकं नफ्यात धरलेला पैसा खरं तर परिसराचं देणं होतं. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने लिलावात घेतली आणि ती लोटे परशुरामला आली. पोलादपूरहून कशेडी उतरलं की खेड तालुका लागतो, त्याच तालुक्यात. यंत्र वापरणारा ते कसं वापरतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून ते कसं वापरलं जातंय हे विचारण्याचा हक्क शेजाऱ्याइतकाच भागधारकालाही आहे.

भारतीय कायदा याबाबत पाठ्यपुस्तकाच्या पुढे आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६ सांगतं, की संचालकाने सर्व सभासदांच्या भल्यासाठी आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हितासाठी सद्भावनेने वागावं. भागधारक त्या यादीत आहे, पण एकटा नाही. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावणारं कलम १३५ सर्वांना माहीत असतं, कारण त्यात फलक आणि उद्घाटनं असतात. खरं वजन १६६ चं आहे, आणि त्याचा वापर फारच कमी होतो.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल देणं बंधनकारक केलं आहे. तो वार्षिक अहवालासोबत कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. वर्षभरात किती कामगार जखमी झाले, किती दगावले, किती पाणी घेतलं, किती आणि कुठे सोडलं, हे त्यात भरावं लागतं. महाडच्या एखाद्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील तर निव्वळ नफ्याची ओळ नंतर वाचा. आधी रोख प्रवाहाचं पत्रक पाहा, मग 'आकस्मिक देयता', म्हणजे पुढे कदाचित भरावी लागणारी देणी, या मथळ्याखालची टीप, मग हा अहवाल. जे कळलं नाही ते वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारा. एक शेअर असलेल्यालाही तिथे प्रश्न विचारता येतो, आणि या सभा आता बहुतेक ऑनलाइन होतात, त्यामुळे पोलादपूरहून मुंबई गाठायचीही गरज नाही.